औषधांचा डबा असा भरा की रात्री दोन वाजता घरातल्या कुणालाही वापरता येईल

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात चढायला लागलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. हाताला लागलं ते उचललं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्यात औषधांचा डबाही होता. म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, ज्यात वर्षानुवर्षं उरलीसुरली औषधं आम्ही टाकत गेलो होतो. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि संध्याकाळी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला ताप चढला.

मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून डबा सासूबाईंनी उघडला. टॉर्चच्या उजेडात त्यांना काय दिसलं? कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पाच-सहा पट्ट्या, एकीवरही पूर्ण नाव नाही. आणि मुलांच्या पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या, एक साठ मिलीची, एक पंधरा मिलीची. त्यांनी छोटी बाटली घेतली आणि मोठ्या बाटलीच्या मापाच्या टोपणात पाच मिलीच्या रेघेपर्यंत औषध ओतलं. काकूंनी अंगणवाडीत बरीच वर्षं काम केलेलं. त्यांनी सासूबाईंचा हात धरला. "अहो वहिनी, थांबा. ही थेंबांची बाटली आहे."

थेंबांच्या औषधात एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. पाच मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. मुलीचं वजन तेव्हा १२ किलो होतं, तिला एका वेळी जास्तीत जास्त १८० चाललं असतं. चूक सासूबाईंची नव्हती. औषधाची माहिती फक्त माझ्या डोक्यात होती, डब्यात नव्हती. पुढचे काही दिवस बाजारपेठेतली मेडिकलची दुकानंही चिखलात होती. जे होतं ते एवढंच, त्या डब्यातलं.

त्यानंतर मी डबा नव्याने भरला. यादी आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घेतली आणि दर वर्षी पावसाळ्याआधी पुन्हा दाखवते. तुम्ही पहिल्यांदाच असा डबा भरत असाल, नवीन संसार असेल, गाव सोडून शहरात खोली घेतली असेल किंवा आई-वडील आता तुमच्याकडे राहायला आले असतील, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी. यादी तुमच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवाच, कारण तुमच्या घरातली माणसं मला माहीत नाहीत.

१. आधी माणसं लिहा, औषधं नंतर

मेडिकलमध्ये जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे वय, वजन, रोजच्या गोळ्या, जुने आजार आणि कोणत्या औषधाने त्रास झाला होता ते लिहा. मुलांचं वजन दर तीन-चार महिन्यांनी बदला, कारण मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो.

हा कागद लिहिताना आमच्याकडे दोन गोष्टी कळल्या. सासऱ्यांना मधुमेह आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या गोळीचं नाव त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि नवऱ्याला लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं, ते मला लग्नानंतर नऊ वर्षांनी समजलं.

घरात कुणी गरोदर असेल, अंगावर पाजणारी असेल, कुणाला मूत्रपिंडाचा, यकृताचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल, कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ते ठळक लिहा. दुखण्याच्या साध्या गोळ्यासुद्धा या माणसांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत.

२. साहित्य आणि कागद

औषधांआधी वस्तू घ्या. रात्री-अपरात्री अडतं ते बहुतेक वस्तूंवाचून.

डिजिटल थर्मामीटर (पाऱ्याचा असेल तर तो बाद करा, फुटला की पारा गोळा करणं कठीण), लहान टॉर्च आणि वेगळे ठेवलेले सेल, बोथट टोकाची कात्री, चिमटा, निर्जंतुक गॉजची पाकिटं, गुंडाळायच्या पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, बँड-एड, मुरगळल्यावर बांधायचं क्रेप बँडेज, हातमोज्यांचे दोन-तीन जोड, साबणाची नवी वडी, मुलांचं औषध मोजायची बिनसुईची सिरिंज आणि एक लिटरची खूण केलेली बाटली. घरात बीपी किंवा साखरेचा रुग्ण असेल तर ती मशिनं आणि त्यांच्या पट्ट्या. साखरेच्या पट्ट्यांनाही मुदत असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कागद एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा: वरचा माणसांचा कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती, आयुष्मान किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्याची प्रत, विम्याचा नंबर आणि हाताने लिहिलेले फोन नंबर. रुग्णवाहिकेचा १०८, कुठल्याही आणीबाणीचा ११२, डॉक्टरांचा, जवळच्या सरकारी दवाखान्याचा, रात्री गाडी काढू शकेल अशा एका शेजाऱ्याचा. मोबाइल बंद पडला की एकही नंबर पाठ नसतो, हे पुरात आम्ही अनुभवलं.

३. मेडिकलमध्ये काय बघायचं

आपल्याकडे मेडिकलवाला बरंच काही चिठ्ठीशिवाय काढून देतो. तो देतो म्हणजे ते औषध आपल्या मनाने घेण्याजोगं आहे, असं नाही. पट्टीच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं आहे. अँटिबायोटिक, उलटीच्या बऱ्याचशा गोळ्या, ॲसिडिटीच्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या हे सगळं या गटात येतं. त्यातलं एखादं डब्यात हवं असेल तर डॉक्टरांकडून कुणासाठी, किती, कधी हे लिहून घ्या आणि तो कागद त्याच औषधाला रबराने बांधा.

दुकानात या चुका टाळा:

पट्टी कापून घेऊ नका. मुदत पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. चार गोळ्या कापून घेतल्या की नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो दुसरा तुकडा दुकानातच राहतो. दहाची पट्टी अख्खी घ्या. घरीही गोळ्या काढताना मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत राखा.

मुदत महिन्याची असते. ०६/२०२७ छापलं असेल तर जून २०२७ संपेपर्यंत औषध चालतं. डब्यासाठी घेताना किमान वर्षभर पुढची मुदत मागा. "दादा, घरात ठेवायला हवंय, लांबची तारीख द्या" एवढं म्हटलं की देतात.

कंपनीचं नाव लक्षात ठेवू नका, आतल्या औषधाचं ठेवा. क्रोसिन, कॅलपोल, डोलो या तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. हे माहीत नसलं की एका तापाला तीन नावांनी एकच औषध पोटात जातं. जनऔषधी केंद्रात तेच औषध औषधाच्याच नावाने आणि खूप कमी पैशांत मिळतं. डबा तिथून भरला तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

४. ताप आणि अंगदुखी

डब्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध पॅरासिटामॉल, आणि सगळ्यात जास्त चुकाही त्याच्यातच होतात. म्हणून इथे जरा थांबते.

मोठ्यांसाठी ५०० किंवा ६५०, दोन्हींपैकी एकच ठेवा. आमच्याकडे ६५० आहे. दोन गोळ्यांत किमान सहा तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. दारू नेहमी घेणाऱ्याला किंवा यकृताचा आजार असलेल्याला डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. ताप आला म्हणून एक, सर्दी झाली म्हणून दुसरी, अंग दुखतं म्हणून तिसरी, असं करत यकृतावर किती भार पडला ते कळत नाही. आमच्या डब्यातल्या सर्दीच्या पट्टीवर मी मार्करने लिहिलंय, "यात पॅरासिटामॉल आहे".

मुलांसाठी एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. आता बाटल्या बघा. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम. पातळ औषधात पाच मिलीत कुठे १२०, कुठे १२५, कुठे २५०. म्हणजे डॉक्टरांनी मागच्या वर्षी "अर्धा चमचा" सांगितलं होतं, ते कोणत्या बाटलीतलं, हे कळल्याशिवाय त्या अर्ध्या चमच्याला काही अर्थ नाही. घरात मुलांच्या पॅरासिटामॉलची एकच बाटली ठेवा, एकाच ताकदीची. दुसरी आली की पहिली बाहेर. आणि आकडा मिलीमध्ये लिहून बाटलीला चिकटवा. १२ किलोच्या मुलीसाठी, पाच मिलीत २५० असलेल्या बाटलीवर आमच्याकडे असं लिहिलेलं होतं: "३ मिली. सहा तासांनी. दिवसातून जास्तीत जास्त चारदा." स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही, प्रत्येक घरातल्या चमच्याचं माप वेगळं असतं.

ताप आला तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. ताप डेंगूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. ॲस्पिरिन तर १६ वर्षांखालच्या मुलांना तापात द्यायचंच नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११पासून बंदी आहे, तरी जुन्या डब्यांत ती बाटली अजून सापडते. सापडली तर टाकून द्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर डबा उघडूच नका, थेट डॉक्टरांकडे जा. मोठ्यांनाही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, अंगावर लाल ठिपके आले, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, माणूस बडबडायला लागला, तर पुढची गोळी देत बसू नका. कोकणात चिखलपाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला की डॉक्टरांना "पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगायचं, त्यांच्या मनात लगेच लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) विचार येतो.

५. जुलाब आणि उलट्या

इथे औषधांपेक्षा पाणी महत्त्वाचं. पुडीतल्या साखर-मिठाच्या पाण्याने, म्हणजे ओआरएसने, किती जीव वाचतात हे १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिलं. सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या, तेव्हा त्यांनी कॉलराच्या रुग्णांना हे पाणी पिंपांतून तोंडावाटे पाजलं. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तीच पुडी आज आशाताईंकडे आणि अंगणवाडीत फुकट मिळते.

डब्यात ओआरएसच्या किमान सहा पुड्या ठेवा. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान २०० मिलीसाठी. पुडीवर वाचा आणि तेवढ्याच पाण्यात सगळी पुडी एकदम विरघळवा. अर्धी पुडी पेल्यात टाकून उरलेली दुमडून ठेवणं ही घरोघरची चूक आहे. पाणी दाट झालं तर जुलाब वाढतात, पातळ झालं तर उपयोग होत नाही. दुधात किंवा सरबतात मिसळू नका. केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून टाका.

पाजायचं कसं, तर घोटघोट. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालू ठेवा, पेज आणि मऊ भातही.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव घेऊन बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते टाकून पुन्हा करा.

दुकानात खोक्यात मिळणारी गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. त्यांत साखर कितीतरी जास्त असते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध बरीच वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार असं लिहिलेलं आहे का ते बघा.

मुलांसाठी झिंकच्या विरघळणाऱ्या गोळ्या ठेवा. सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाही दिवस पूर्ण करायचे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या मी डब्यात ठेवत नाही. शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर त्या अपाय करतात, आणि लहान मुलांना तर द्यायच्याच नाहीत. रात्री घाबरलेल्या माणसाच्या हाताला त्या लागूच नयेत, असं मला वाटतं. डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात पाणीही टिकत नाही, ही दवाखान्यात जायची वेळ.

६. सर्दी, खोकला, पोट, खाज

मोठ्यांसाठी वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि नाकात घालायचं सलाइन पुरतं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांनी बीपी वाढू शकतं आणि झोप येते. सासूबाईंना बीपी आहे म्हणून ती पट्टी मी नवऱ्याच्या नावाने वेगळी ठेवली आहे. खाज आणि ॲलर्जीसाठी सेटिरिझिन डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे. ती घेतल्यावर गाडी चालवायची नाही. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर गोळीची वाट न बघता १०८.

मुलांच्या खोकल्याचं औषध डब्यात नको. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसपेक्षा जास्त मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं की सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळायची.

आजीबाईच्या बटव्यातलं सगळं टाकायचं कारण नाही. सुंठ, ओवा, लवंग आमच्याकडेही आहे. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आणि कापूर मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. देव्हाऱ्यातली कापराची वडी गिळली तर मुलाला झटके येऊ शकतात. छातीला चोळायचं कापूर-मेंथॉलचं मलमही दोन वर्षांखाली नको.

पोटासाठी चघळायची अँटासिड गोळी किंवा पातळ औषध. ते आणि इतर गोळ्या यांत दोन तासांचं अंतर ठेवा. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर असतं, बीपी आणि हृदयाच्या रुग्णांना ती नको. पोटात एका बाजूला सतत दुखत असेल तर दुखणं दाबू नका. खाजेसाठी कॅलामाइन, मुका मार लागला तर डायक्लोफेनॅकचं मलम, न फुटलेल्या कातडीवर. बद्धकोष्ठाला इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर.

७. जखम, भाजणं, चावणं

जखम वाहत्या पाण्याने धुवा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉज ठेवून दहा मिनिटं दाबून धरा आणि मध्ये उचलून बघू नका. कापूस थेट जखमेवर नको, तंतू अडकतात. पोव्हिडोन आयोडीनचं मलम लावून गॉज बांधा. थायरॉइडचा रुग्ण, गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना हे मलम विचारून. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते माणसांच्या कागदावर लिहून ठेवा.

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. मी घड्याळ लावून धरते, कारण वीस मिनिटं फार लांब वाटतात आणि माणूस पाचव्या मिनिटाला हात काढतो. अंगठी, बांगड्या लगेच काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ काही नको. फोड फोडू नका. गॉज सैल बांधा. चेहरा, हात, गुप्तांग किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल तर दवाखाना.

कुत्रा किंवा मांजर चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. नवी साबणाची वडी डब्यात ठेवायची ती यासाठीच. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. चुना, तिखट, तेल लावायचं नाही. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर बरं वाटतं म्हणून पुढची सोडायची नाहीत. रेबीज झाला की त्यावर उपाय नाही.

साप चावला तर डब्यात त्यावर काहीही नाही आणि असूही नये. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चौघांवर मिळून एकच प्रतिविष आहे आणि ते दवाखान्यातच द्यावं लागतं. म्हणून साप ओळखायला किंवा मारायला वेळ घालवू नका. अंगठी काढा, हात-पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नका, चालवत नेऊ नका. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं हे सगळं घातक. लाल विंचू डसल्यावर दुखण्यापेक्षा घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय या खुणा धोक्याच्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाने होणारे मृत्यू रोखता येतात हे १९८०च्या दशकात दाखवलं. ते औषध आपण घरी द्यायचं नाही, पण ते मिळतं तिथे लवकर पोचायचं.

८. साखर, छाती, बीपी

सासऱ्यांसाठी वेगळी डबी आहे. तिच्यात ग्लुकोज पावडर आणि मापाचा चमचा. हात थरथरणं, घाम, एकदम चिडचिड किंवा गोंधळ झाला की आधी साखर बघायची. ७०च्या खाली असेल तर तीन लहान चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग थोडं खायला. मशिन सापडत नसेल तर साखर देऊन टाका. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ला फोन.

कुणी इन्सुलिन घेत असेल आणि वीज गेली तर घाबरू नका. चालू बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, फार उकाडा नसेल तर. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि छोट्या मडक्यात बाटली कोरड्या पिशवीत, हा उपाय कोकणातल्या उन्हाळ्यातही उपयोगी पडतो. गोठवायचं मात्र नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन बाद.

छातीत आवळल्यासारखं दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम. अशा वेळी पहिली गोष्ट १०८, दुसरी डब्यातली ॲस्पिरिन. सासऱ्यांसाठी डॉक्टरांनी ३२५ची एक गोळी चावून खायला लिहून दिली आहे, कारण त्यांना तिची ॲलर्जी नाही आणि अल्सर नाही. तुमच्या घरच्या माणसासाठी हे आधीच विचारून ठेवा. मोबाइलवर फिरणाऱ्या "हार्ट ॲटॅकच्या किट"मधली जिभेखालची गोळी बीपी कमी असलेल्या माणसाला आणखी खाली नेते. डॉक्टरांनी त्या माणसासाठी लिहून दिलेली नसेल तर ती ठेवू नका.

९. डबा कुठे, आणि वर काय लिहायचं

न्हाणीघरात ओल, स्वयंपाकघरात धग, फ्रिजच्या माथ्यावरही धग. बेडरूमच्या कपाटाचा वरचा कप्पा सगळ्यात बरा. मुलांचा हात पोचू नये आणि मोठ्यांना चावी शोधावी लागू नये. आमचा डबा आता घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा आहे. पावसाळ्यात गोळ्यांना ओल लागू नये म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, त्यांवर "खायचं नाही" असं लिहिलंय. उंदराचं औषध, फिनेल, रॉकेल त्या खोलीतही नाही.

आत पाच पिशव्या आहेत: ताप, जुलाब, जखम, मोठ्यांची, मुलीची. प्रत्येकीत ठळक मराठीत एक चिठ्ठी. तिच्यावर औषधाचं नाव, कुणाला, किती, किती तासांनी, कुणाला द्यायचं नाही, आणि कधी दवाखान्यात न्यायचं. अक्षर एवढं मोठं की सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता यावं. डब्यात एक छोटी वही आणि पेन बांधलेलं आहे. औषध दिलं की वेळ लिहायची. नाहीतर रात्री एक वाजता आई देते आणि तीन वाजता बाबा पुन्हा देतात.

१०. झाडाझडती आणि तालीम

वर्षातून दोनदा, आमच्याकडे मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, डबा पूर्ण रिकामा करायचा. मुदत संपलेलं, नाव नसलेलं, रंग बदललेलं, बुळबुळीत झालेलं सगळं बाहेर. उघडलेले डोळ्यांचे थेंब महिन्याभराने बाद, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या "पुढे लागतील" म्हणून ठेवू नका. टाकताना गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवीत बांधा, पट्टीवरचं नाव मार्करने खोडा. मोरीत ओतू नका.

शेवटचं काम तालमीचं. मी घरातले दिवे बंद केले, सासूबाईंच्या हातात टॉर्च दिला आणि म्हटलं, "आई, मुलीला ताप आहे, मी घरी नाही, औषध काढा." पहिल्या वेळी त्या "मोठ्यांची" पिशवी उघडून बसल्या, कारण दोन पिशव्यांचा रंग सारखा होता. दुसऱ्या दिवशी मुलीच्या पिशवीला मी लाल रिबीन बांधली. पुढच्या वेळी त्यांनी रिबीन चाचपून पिशवी काढली, चिठ्ठी मोठ्याने वाचली, सिरिंजमध्ये पाणी भरून रेघेवर नेलं आणि वहीत वेळ लिहिली. आता मुलगी सात वर्षांची आहे, वजन २० किलो. चिठ्ठीवरचा आकडा गेल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून बदलला आहे.